पेट्रोल पंपावरचं धुणं

प्रेस्टन, १२ जानेवारी २०२५

ती. आईंना,
जय भीम.

फोनवर तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि माझं अर्धं बोलणं त्या शिट्टीत जातं, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र लिहून त्याचा फोटो हितेंद्रच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवते आहे. त्याला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगा. मागच्या वेळी अक्षर मुंगीएवढं आलं, असा तुमचा निरोप सुमेधाने दिला होता.

घर मिळालं. हॉस्पिटलपासून चालत पंधरा मिनिटं, पहिला मजला, एक झोपायची खोली, एक बसायची. इथे भाड्याचं घर म्हणजे नुसत्या भिंती. आधीचे लोक पडद्याच्या दांड्यासुद्धा काढून घेऊन गेले. कपडे धुवायचं मशीनही नाही. आधी नर्सेसच्या हॉस्टेलवर होते तेव्हा सगळ्यांत मिळून एक होतं, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नाही.

आता मी पेट्रोल पंपावर कपडे धुते. हसू नका. पंपाच्या कोपऱ्यात, टायरमध्ये हवा भरतात त्या जागेशेजारी, उघड्यावर तीन मोठी मशीनं उभी आहेत. दोन धुवायची, एक वाळवायचं. कार्ड लावायचं, कपडे टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. लोक गाडीतून येतात आणि गाडीत बसून राहतात. मी पाठीला पिशवी लावून चालत जाते आणि उभी राहते.

इथे एक माणूस जुनी मशीनं दुरुस्त करून विकतो. लहानसं आहे, स्वस्त आहे, सहा महिन्यांची हमी देतो. घ्यावं का? माझ्या एकटीपुरतं असतं तर विचारलंही नसतं. पण सुमेधाला या उन्हाळ्यात आणायचा अर्ज मी आता करणार आहे. घर त्यासाठीच घेतलं. सव्वा वर्ष झालं पोर तुमच्यावर टाकून आले त्याला. चार वर्षांपूर्वी प्रशील गेले तेव्हा मला धरून बसवून तुम्हीच सांगितलं होतंत, नर्सिंग सोडायचं नाही. त्याच सासूबाईंना आता मशीनचं विचारते.

तुमची,
मृणाली

०

अमळनेर, २१ जानेवारी

चि. मृणाली,
जय भीम.

पत्र मिळालं. हितेंद्रने या खेपेला अक्षर एवढं मोठं छापलं की दुकानात आलेल्या दोन माणसांनी लांबूनच वाचून काढलं. आता अर्ध्या गल्लीला ठाऊक झालंय की द्रौपदाबाईची सून परदेशात पेट्रोल पंपावर कपडे धुते. एकाने तर मला थांबवून विचारलं, तिकडे नर्सला पगार पुरत नाही का म्हणून.

मशीनचं म्हणशील तर माझं मत घेऊ नये असं आहे. स्वस्तातलं मशीन कसं असतं ते तुझ्या नणंदेकडे आपण पाहिलं. ज्योतीने धुळ्याला सेलमध्ये घेतलं होतं. पिळायला लागलं की मोरीतून निघायचं ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत यायचं. जावयांनी त्याच्यावर पाटा ठेवला, तर पाट्यासकट चालायला लागलं. शेवटी भंगारवाल्यानेही नेताना नाक मुरडलं. त्यापेक्षा तुझा पंप बरा. बिघडलं तर त्याचं बिघडेल, तुला काय.

दुसरं असं की सुमेधाला न्यायची एवढी घाई कशाला? आत्ता कुठे तिसरीत रुळली आहे. चौथी होऊ दे. तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी, मुलांची जागा मध्येच हलवली की ती कशी होतात ते मला विचार.

बाकी ठीक. मी सुमेधासाठी लहान गोधड्या शिवते आहे. चार झाल्या, दोन व्हायच्यात. फैजपूरहून अभिमनमामा येऊन गेला. त्याच्याकडून बागेत अंथरतात तो मल्चिंगचा प्लास्टिक कागद मागून घेतला, चांगला मोठा तुकडा. वाळवणाखाली घालायला होईल.

आई

०

प्रेस्टन, ९ फेब्रुवारी

ती. आईंना,
जय भीम.

जानेवारीत कसलं वाळवण? आणि आठ वर्षांच्या पोरीला सहा गोधड्या कशाला? मला तिकडे एक मिळाली होती, तीही लग्नात.

माझी इथे फजिती झाली ती सांगते. तुम्ही लावलेली सवय काही जात नाही. मी घरी कपडे भिजत घालते, कॉलरला आणि बाह्यांना ब्रश मारते, पिळते आणि मग ती ओली पिशवी घेऊन पंपावर जाते. रस्ताभर पाणी गळत असतं. मागच्या रविवारी पंपाच्या काउंटरवरची बाई बाहेर आली आणि कपडे नदीत पडले का म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, नाही, धुतलेत. तर ती म्हणाली, मग इथे कशाला आणलेस? मी म्हटलं, सासूबाईंनी सांगितलंय. ते मात्र तिला लगेच पटलं.

वाळवायच्या मशीनमधून कपडे गरम गरम निघतात. येताना मी पिशवी पाठीला न लावता पोटाशी धरते. झोपलेल्या सुमेधाची पाठ तशी गरम असायची. इथल्या थंडीत आठवड्यातून एकदा तेवढं बरं वाटतं.

एक विचारायचं राहिलं. रविवारी व्हिडिओवर तुमच्या मागे दोरीवर चादर दिसली. बुधवारीही होती, शुक्रवारीही होती. आपल्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं आणि तुम्ही रोज चादर धुता? वर गुडघे दुखतात म्हणता. धुण्याला बाई लावा, मी पैसे पाठवते.

मशीनवाल्याने माझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवलंय.

मृणाली

०

अमळनेर, २० फेब्रुवारी

चि. मृणाली,
जय भीम.

धुतलेले कपडे धुवायला नेणारी तू पहिलीच. पण यात माझा दोष नाही. मी तुला धोंड्यावर कपडे धुवायला शिकवलं होतं, पंपावर नाही.

वाळवण जानेवारीत होत नाही हे मलाही कळतं. पण अभिमन जानेवारीतच आला, त्याला काय करू. आणि चादरीचं विचारशील तर इथे आत्तापासूनच उकडायला लागलंय आणि सुमेधाला घाम फार येतो. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची नखं आणि केस तपासले, आता घरच्या पोरीला मळक्या चादरीवर निजवू? बाईबिई नको. दोन माणसांचं धुणं ते किती.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी धुळ्याला जाऊन आलो. ज्योतीने फारच आग्रह केला. दोन दिवस शाळा बुडली, पण सुमेधाला बस प्रवास आवडला. खिडकीची जागा मिळाली होती.

तुझ्या घराखाली कोण राहतं ते लिहिलं नाहीस. मशीन फिरायला लागलं की खालच्या माणसाच्या डोक्यावर गिरणी चालल्यासारखं होतं. परक्या देशात शेजाऱ्याशी वाकडं नको. त्या मशीनवाल्याला सांग, विचार करते आहे म्हणून.

आई

०

प्रेस्टन, ३० मार्च

ती. आईंना,
जय भीम.

खाली एक म्हातारे गृहस्थ राहतात. कानाने तुमच्यासारखेच आहेत, तेव्हा गिरणीची काळजी सोडा.

अर्जासाठी कागद लागतील. प्रशीलचा मृत्यूचा दाखला, सुमेधाचा जन्मदाखला, शाळेचं पत्र. हितेंद्रकडून स्कॅन करून पाठवा. मागच्या पत्रात हेच मागितलं असतं तर पाठवले असतेत का, असा विचार मनात आला म्हणून हे पुढचं लिहिते आहे.

ज्योतीताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, आई न कळवताच आल्या, मलाच आश्चर्य वाटलं. तुम्ही लिहिता की त्यांनी आग्रह केला. मी मशीन म्हटलं की तुम्ही पाटा सांगता, शेजारी सांगता, चौथी सांगता. आई, तुम्हाला सुमेधाला पाठवायचं नाही का? तसं असेल तर सरळ लिहा. मी रागावणार नाही. पण मला कळू द्या.

मृणाली

०

अमळनेर, १६ एप्रिल

चि. मृणाली,
जय भीम.

सरळ विचारलंस म्हणून सरळ लिहिते. पाठवायचं नाही असं मी म्हणू शकत नाही. पोर आईजवळ असावी हे मी अंगणवाडीत येणाऱ्या किती बायांना सांगितलं असेल. पण सांगणं निराळं आणि सकाळी उठून एकटीपुरता चहा ठेवणं निराळं. ते मला जमेल की नाही ठाऊक नाही.

कागद सगळे पाठवले आहेत. शाळेच्या बाईंनी पत्रावर सही करताना विचारलं, कायमची जाणार का. मी म्हटलं, तिच्या आईला विचारा. परवा जयंतीच्या मिरवणुकीत सुमेधा निळा फेटा बांधून अगदी पुढे चालत होती. फेटा तीन वेळा सुटला, तीनदा मी बांधला.

मशीन मात्र घेऊ नको. माझ्या मनात काय आहे तेही आता लिहून टाकते. पंपावर कपडे धुणारं माणूस कितीही दिवस राहिलं तरी पाहुणं असतं. मशीन घेतलं की ते तिथलं झालं. मग फ्रीज येतो, मग सोफा येतो, मग सुट्टीत येते म्हणून कळवतात आणि तेही एक वर्षाआड. तू घर घेतलंस तेव्हा मला एवढं काही वाटलं नाही. मशीनचं वाचलं आणि तेवढीच ओळ पुन्हा पुन्हा काढून वाचली. म्हातारीचं डोकं असं चालतं, त्याला इलाज नाही.

आई

०

प्रेस्टन, २६ मे

ती. आईंना,
जय भीम.

सुमेधाचा व्हिसा आला. मी ७ जुलैला अमळनेरला पोहोचते आणि १९ ला आम्ही दोघी निघू. बारा दिवस मिळाले, तेही हॉस्पिटलमधल्या एकीने तिच्या सुट्ट्या मला दिल्या म्हणून.

तुमचं एप्रिलचं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. मशीन घेत नाही. मशीनवाल्याला नाही म्हणून कळवलंसुद्धा. तुमच्या डोळ्यांनी पाहुणी राहायचं तर पाहुणी राहू. रविवारी सुमेधाला घेऊन पंपावर जाईन, आठवड्याचं धुणं एकदम. तिला पिशवीचा एक बंद धरायला आवडेल. ओले कपडे घेऊन जाणार नाही, कोरडेच नेईन, हे तुमच्या समाधानासाठी लिहिते.

मी तुमचं एवढं ऐकलं, तुम्ही माझं एक ऐका. निघायच्या दिवशी तिच्यासमोर रडू नका.

मृणाली

०

अमळनेर, ३१ मे

चि. मृणाली,
जय भीम.

हे पत्र हितेंद्रकडे दिलेलं नाही. पाकिटात घालून स्वतः पोस्टात टाकते आहे. किती दिवसांत पोहोचेल ते खिडकीवरच्या माणसालाही सांगता आलं नाही.

मशीन घे.

पाच महिने नको नको म्हणणारी म्हातारी आज घे म्हणते, तुला वाटेल हिचं डोकं फिरलं. मी मशीनशी भांडत होते ते पोरीसाठी. मशीन आलं नाही तर पोर जाणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं मनात धरून बसले होते. तू मशीन सोडलंस आणि पोर धरलीस. आता मी गप्प राहिले तर हाल तिचे होतील.

सुमेधा झोपेत अंथरूण ओलं करते. आठवड्यातून चार-पाच वेळा. तू गेलीस त्या आठवड्यापासून. त्याआधी तीन वर्षांची झाल्यावर तिने एकदाही केलं नव्हतं, तुला ठाऊक आहे. प्रशील गेला तेव्हाही नाही.

चादरी त्याच्या. गोधड्या सहा त्यासाठी, कारण मागच्या पावसाळ्यात दोन होत्या आणि एकही वाळत नव्हती. मल्चिंगचा कागद गादीवर आहे, चादरीच्या खाली. धुळ्याला आग्रहाने गेले नव्हते, मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ज्योतीला बाजारात जाऊन येतो म्हणून सांगितलं. त्यांनी लघवी तपासली, पोट तपासलं, सगळं चांगलं आहे म्हणाले. रागावू नका, मारू नका, आपोआप थांबेल. आणि शेवटी म्हणाले, आई जवळ असती तर लवकर थांबलं असतं.

हे तुला का लिहिलं नाही? लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिला असतास. प्रशीलच्या मागे दिवसा ड्यूटी करून पहाटे उठून तू अभ्यास करायचीस, परीक्षेच्या दिवशी तुला ताप होता, ते मी विसरलेले नाही. ते पाण्यात जायला नको होतं. हे एक कारण झालं, ते मी कुणालाही सांगू शकते. दुसरं कारण तुला एकटीलाच सांगते. डॉक्टर म्हणाले ते तुला कळवलं की पोर माझ्याकडे ठेवायला काही कारणच उरत नव्हतं. म्हणून मी ते वाक्य घेऊन बसमध्ये बसले आणि अमळनेर येईपर्यंत गिळून टाकलं. मला याची लाज वाटते.

आता आमची पद्धत सांगते, तीच तू पुढे चालव. सकाळी उठली की ती माझ्याकडे येते. यंत्र लावलेलं नसतं म्हणून माझ्या कानाला तोंड लावते आणि म्हणते, "आजी, वलं शे." नाहीतर, "आजी, कोरडं शे." दोन्हीला माझं उत्तर एकच, "बरं." वलं असलं म्हणून कपाळाला आठी नाही आणि कोरडं असलं म्हणून पेढे नाहीत. चादर मी काढते, बादलीत ती टाकते. मग दूध. शाळेत कुणाला ठाऊक नाही, गल्लीत ठाऊक नाही. गल्ली जागी होते तेव्हा चादर दोरीवर असते आणि चादर तर कुणाच्याही दोरीवर असते.

आता तू सांग, त्या चादरी रविवारपर्यंत घरात साठवणार? त्यांची पिशवी घेऊन पोर तुझ्याबरोबर रस्त्याने चालणार आणि ती काउंटरवरची बाई बाहेर येऊन हे काय म्हणून विचारणार? तुला विचारलं तेव्हा आपण हसलो. तिला विचारलं तर ती पुन्हा मान वर करून चालणार नाही. मशीन घरात हवं, दाराच्या आत. नाचलं तर नाचू दे. वर काहीतरी जड ठेव.

निघताना मी रडणार नाही. तूही हे वाचून तिच्याशी फोनवर बोलताना आवाज बदलू नको, तिला लगेच कळतं.

आई

०

प्रेस्टन, ११ जून

ती. आईंना,
जय भीम.

पंधरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. सुमेधा फोनवर म्हणते आजी बरी आहे. हितेंद्र म्हणतो काकूंनी पोस्टात काहीतरी टाकलं, माझ्याकडे दिलं नाही. मी रडू नका म्हटलं ते लागलं का? तसं असेल तर ते मी परत घेते, तुम्हाला हवं तेवढं रडा. पण दोन ओळी लिहा.

मृणाली

०

प्रेस्टन, १९ जून

ती. आईंना,
जय भीम.

पत्र परवा मिळालं. पंपावर निघाले होते, जिन्यात पाकीट दिसलं, ते घेऊन तशीच गेले. कपडे मशीनमध्ये टाकले आणि वाचलं. मशीन कधी थांबलं ते कळलं नाही. मागे एक माणूस त्याची टोपली घेऊन उभा होता. त्याने माझे कपडे काढून वाळवायच्या मशीनमध्ये टाकले आणि त्याच्याच कार्डाने ते चालू केलं.

मला तुमचा खूप राग आला. तो लपवून काय करू. पावणेदोन वर्षं मी रोज तिला विचारत होते, काय खाल्लं, काय शिकवलं, आणि ती रोज सकाळी काय सांगत होती ते मला ठाऊकच नव्हतं. घरी येईपर्यंत तुम्हाला काय काय लिहायचं ते मनात तयार होतं. मग तुमचा पत्ता लिहायला बसले आणि तुमचे गुडघे आठवले. नळाचं पाणी चौथ्या दिवशी येतं ते आठवलं. तुम्ही पिण्याचं आणि चादरीचं पाणी कसं पुरवलं असेल, याचा हिशेब मला लागला नाही.

तुमचा अंदाज बरोबर आहे, मी परत आले असते. आता मीही एक सांगते, जे तुम्हाला लिहिलं नव्हतं. पहिले तीन-चार महिने मी परत यायला कारणच शोधत होते. बॅग कपाटावर न ठेवता दारामागे ठेवली होती. तुम्ही कळवलं असतंत तर मी पोरीचं नाव पुढे करून आले असते आणि जन्मभर सांगितलं असतं की तिच्यासाठी सोडलं. त्यातून तुम्ही मला वाचवलंत, असं आज म्हणवत नाही. पण पुढे कधीतरी म्हणेन.

हे पत्रही पोस्टानेच येईल. तुमच्या आधी मीच पोहोचले तर आश्चर्य वाटायला नको.

मशीनवाल्याकडे गेले. मी नाही म्हटलेलं मशीन त्याने विकलं होतं, पण तसंच दुसरं होतं. दोन माणसांनी जिन्याने वर आणून जोडून दिलं. आधी रिकामं फिरवलं, मग माझी चादर धुतली. ती स्वच्छच होती. थोडं नाचतं. वर तांदळाची पिशवी ठेवली आहे.

"बरं" म्हणायला शिकते आहे. फोनवर आवाज बदलला नाही, एवढं जमलं.

मृणाली

०

प्रेस्टन, ५ ऑगस्ट

ती. आईंना,
जय भीम.

स्टेशनवर तुम्ही रडला नाहीत. मी रडले, ते तुम्ही पाहिलंत आणि सुमेधाला मुद्दाम डब्यातला पंखा दाखवत बसलात. तो उपकार लक्षात आहे.

इथे येऊन पंधरा दिवस झाले. पहिल्या आठवड्यात सहा वेळा. तुम्ही सांगितलं तसंच केलं. चादर मी काढते, मशीनमध्ये ती टाकते. दार लावायचं आणि बटण दाबायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय, मला हात लावू देत नाही. मग गोल काचेतून चादर फिरते ती बघत जमिनीवर बसून दूध पिते. तांदळाची पिशवी सरकली की ती पुन्हा मधोमध ठेवते. बरोबर आणलेल्या दोन गोधड्या या मशीनमध्ये नीट बसतात. तुम्ही त्या लहान शिवल्या ते किती बरं केलं.

शनिवारी काही नव्हतं. रविवारी होतं. काल नव्हतं. आज सकाळी मी पोळ्या लाटत होते. ती मागून आली आणि टाचा उंच करून माझा कान ओढून खाली घेतला. मला चांगलं ऐकू येतं हे तिला ठाऊक आहे, तरी अगदी कानाला तोंड लावून म्हणाली, "मम्मी, कोरडं शे."

मी बरं म्हटलं आणि लाटत राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजीले लिही दे." म्हणून लगेच लिहायला बसले आहे. हेही पोस्टाने, हितेंद्रच्या मशीनमधून नाही.

तुम्ही पासपोर्टचा अर्ज करा. पाहुणी म्हणून सहा महिने राहता येतं. पाहुणी हा शब्द तुमचाच आहे.

मृणाली

०

अमळनेर, २४ ऑगस्ट

चि. मृणाली,
जय भीम.

पत्र मिळालं. तिने लिहायला सांगितलेलं वाचलं. पेढे नाहीत असं मीच ठरवलं होतं, पण हितेंद्रच्या दुकानात चार वाटले. कशाचे म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, खा.

पासपोर्टचा फॉर्म त्याने काढून ठेवलाय. फोटोत कानातलं यंत्र दिसू द्यायचं की नाही, यावर आमचं अडलं आहे. बघू. तिकडे आले तर मला पंप दाखव, मशीन मी सुमेधाकडून बघेन.

पाऊस बरा आहे. मल्चिंगचा कागद धुऊन, घडी करून अभिमनला परत दिला. तो म्हणाला, वाळवण झालं का अक्का? मी झालं म्हटलं. चार गोधड्या राहिल्या, त्यातल्या तीन पेटीत ठेवल्या आणि एक तिच्या जागेवर अंथरली आहे. नळाला अजून चौथ्याच दिवशी पाणी येतं, पण आता ते उरतं.

जाग रोजच्या वेळेलाच येते. यंत्र कानात नसतं, म्हणून कुणी आलं तरी कळायचं नाही, तरी थोडा वेळ तशीच पडून राहते. मग तिच्या जागेवर हात फिरवून बघते. तिला सांग, आजीकडेही कोरडं शे.

आई